पुरात भिजलेली आण्णांची केबिन परत पिकअपवर चढवायचीय, सुरुवात कुठनं करू?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही म्हणून. आमचे आण्णा कुपवाडला ट्रकच्या बॉडी बांधायचे. परदेशात पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायचे कॅम्पर असतात ना, त्याचा एक फोटो त्यांनी कुठंतरी बघितला आणि तेवढ्यावर २००६ साली आमच्या टाटा २०७ साठी तसली केबिन बांधली. खाली बाभळीचे दोन जाड दांडे, वर एमएस (लोखंडी) अँगलची फ्रेम आणि लाकडी पट्ट्या, बाहेरनं ॲल्युमिनियमचा पत्रा, आतनं प्लाय आणि सनमायका, मधे थर्माकोल. ड्रायव्हरच्या टपावर झोपायचा माळा, खाली दोन बाकं, शेगडीचा ओटा, ८० लिटरची पाण्याची टाकी. आम्ही पोरं त्यातनं गणपतीपुळे, पंढरपूर, गोकर्ण सगळं फिरलोय.

२०१२ ला २०७ विकली आणि केबिन क्रेननं उतरवून भिलवडीला मामाच्या शेडमधे दगडांवर ठेवली ती तिथंच. २०१९ च्या महापुरात शेडमधे पाणी शिरलं, केबिनच्या आत दीड फूट चढलं होतं, सनमायक्यावर अजून गाळाची रेघ दिसते. २०२१ ला परत आलं पण तळालाच लागून गेलं. आता मी हळदीच्या कामाला सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतलीय आणि आण्णा शहात्तरचे झालेत, त्यांना एकदा परत त्यातनं कोकणात न्यायचंय. बाहेरनं बघितलं तर चांगली दिसते ओ. मी ठरवलंय की पेंटरला बोलवायचं, नवीन फोम टाकायचा, वरनं टपाला सिलिकॉन मारून घ्यायचा. बरोबर चाललंय का? आणि चढवायची कशी, आरटीओचं काय, तेपण सांगा.

सातारी_भटक्या:
ताई, पेंटरला आत्ता अजिबात बोलवू नका, हात जोडून सांगतो. मी हीच चूक केलीय. माझी केबिन सहा वर्षं कोरेगावला गोठ्याशेजारी उभी होती, मी वरनं रंग मारला, पडदे लावले आणि सप्टेंबरात फुलं बघायला कासला नेली. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत पाऊस सुरू, आणि रात्री माळ्याच्या कोपऱ्यातनं पाणी गादीत. घरी येऊन प्लाय उचकटला तर आतली पट्टी हातानं कुस्करत होती. रंगाचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या रंगानं ओल आत कोंडून ठेवली आणि चार महिन्यांत आणखी दोन पट्ट्या खाल्ल्या हे जास्त लागलं मनाला.

तुम्ही एक करा. एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि आतनं प्रत्येक कोपऱ्यात, खिडकीच्या खालच्या कडेला, दाराच्या उंबऱ्यापाशी आणि माळा जिथं पुढं निघतो त्या सांध्यात दाबून बघा. लाकूड चांगलं असेल तर टोक अडतं. कुजलेलं असेल तर पिकल्या पपईत शिरल्यासारखं शिरतं. बोटानं वाजवूनपण कळतं, प्लाय सुटला असेल तर आवाज बद्द येतो. लाकडातली ओल मोजायचं पिनांचं मीटर ऑनलाइन मिळतं, २० टक्क्यांच्या वर आकडा आला की तिथं बुरशी जगते असं समजायचं, १५ च्या खाली आल्याशिवाय काही झाकायचं नाही. आणि पुराचं पाणी दीड फूट चढलं होतं म्हणजे त्या रेघेच्या वर एक हातभर तरी आतला प्लाय सगळीकडनं काढा, चांगला दिसला तरी. भिंतीच्या पोकळीत गाळ बसलेला असणार, काळ्या मातीचा गाळ, तो वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो.

टेम्पो_बॉडी_मिरज:
सातारकरांशी सहमत. मी हेच काम करतो म्हणून दोन गोष्टी जोडतो. एक, लोखंडी अँगलवर ॲल्युमिनियमचा पत्रा थेट रिपीट (रिव्हेट) मारून बसवला असेल आणि मधे ओल राहिली तर दोन धातूंची भांडणं लागतात, पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा होऊन आतनं खातो. रिपीटाच्या भोवती पांढरं दिसतंय का बघा. परत बसवताना मधे रबराची पट्टी किंवा निदान जाड टेप घालाच, आणि टपावर बंद तोंडाचे रिपीट वापरा, साध्या रिपीटाच्या भोकातनं पाणी झिरपतं.

दुसरं, सिलिकॉन. ताई, टपाला सिलिकॉन नको. आज बरं वाटतं पण उन्हानं कड सुटते आणि मग त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही, रंग तर नाहीच. खरवडून काढता काढता जीव जातो. सांध्यात पट्टीखाली बुटाईल टेप, ती कायम मऊ राहते, गाडी घाटात पिळली तरी फाटत नाही, आणि वरनं कडेला पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट.

वारणाकाठ:
एवढं काय नाही हो, आमच्या घराच्या स्लॅबला वॉटरप्रूफिंगचा जाड लेप मारलाय तो दहा वर्षं टिकलाय. टपावर दोन हात मारून द्या, प्लाय कशाला फोडायचा. बायकामाणसाला एवढा पसारा झेपणार का?

टेम्पो_बॉडी_मिरज:
वारणाकाठ दादा, स्लॅब जागेवर असतो, केबिन हलते. प्रत्येक खड्ड्याला सांधा उघडतो आणि मिटतो, तिथं कडक लेपाला पहिल्याच ट्रिपला केसाएवढी चीर पडणार. आणि झेपायचं म्हणाल तर माझ्याकडं पत्र्याचं सगळ्यात सफाईदार काम एक ताईच करतात.

कृष्णाकाठची:
रविवारी भिलवडीला जाऊन आले. सातारी दादा, तुम्ही म्हणालात तसं स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. दाराच्या उजव्या कोपऱ्यात पहिल्याच दाबाला मुठीपर्यंत आत गेला. मग मी थांबलेच नाही, मागची पूर्ण भिंत खालनं दोन फूट उघडली. थर्माकोलच्या मागं बोटभर जाड गाळ, वरनं वाळलेला पण नखानं टोकरला तर आत ओलसर, आणि वास सेम पूर ओसरल्यावर घराला येतो तसला. आतल्या लाकडी पट्ट्या सगळ्या गेल्या. खालचा प्लाय पुस्तकाच्या पानांसारखा सुटलाय.

पण बाभळीचे दांडे! दोन महापूर बघितलेत त्यांनी, मी पटाशीनं वरचा काळा थर काढला तर आत तांबूस लाकूड, पटाशी उडाली माघारी. व्हिडिओ कॉलवर आण्णांना दाखवलं. ते म्हणाले, बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा बाभळीचा का करतात ते आता कळलं का. लय दिवसांनी एवढं बोलले.

आता प्लाय कुठला घेऊ आणि किती जाड? १९ एमएम घेतला तर मजबूत होईल ना?

सातारी_भटक्या:
दांडे वाचले म्हणजे निम्मं काम वाचलं ताई. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, तो मरीन. दुकानदार ३०३ चा दाखवून "वॉटरप्रूफच आहे" म्हणतात, तो कपाटाला ठीक आहे. आणि १९ नको! आठ बाय चारचं १९ एमएमचं एक पान पस्तीस किलोच्या पुढं जातं. भिंतींना ६, बाकांना आणि तळाला १२ भरपूर झालं. कापलेली प्रत्येक कड बसवायच्या आधी सील करा, पाणी कडेतनंच पितो प्लाय.

वजनाचं मनावर घ्या. आरसीवर गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन दिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे तुमची हद्द, त्यात केबिन, पाणी, सिलिंडर, भांडी आणि बसणारी माणसं सगळं आलं. नुसतं ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. काट्यावर दोनदा जा. आधी रिकामी पिकअप, पुढची चाकं वेगळी आणि पूर्ण गाडी वेगळी. मग केबिन चढवून परत तसंच. केबिन चढवल्यावर पुढच्या चाकांवरचं वजन आधीपेक्षा कमी झालं तर समजायचं भार मागच्या एक्सलच्या मागं पडतोय, घाटात स्टेअरिंग हलकं होणार. मग टाकी, बॅटरी पुढं सरकवायची. आणि २०७ चा हौदा आणि बोलेरोचा सारखा धरू नका, आधी टेपनं मोजा, चाकाच्या कमानीपाशी पण.

गॅसवाली_वहिनी:
मी गॅसबद्दल लिहिते कारण कुणीच बोललं नाही. शेगडीची जुनी रबरी नळी सरळ फेका, नारंगी सुरक्षा ट्यूबचं आयुष्यपण पाचच वर्षं असतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो आणि वरची खिडकी उघडी ठेवून काही उपयोग होत नाही. सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूनं पूर्ण बंद पाहिजे आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक पाहिजे. ५ किलोचं छोटं सिलिंडर घ्या, उभंच ठेवा, पट्ट्यानं बांधा, गाडी चालताना रेग्युलेटर बंद. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आणि थंडी वाजते म्हणून रात्री शेगडी पेटवून दारं लावून झोपायचं नाही, कधीच नाही, वडीलधारं माणूस सोबत आहे म्हणून परत परत सांगते.

पाण्याची टाकी टाकून द्यायची गरज नाही. घासून धुवा, भरा, १०० लिटरला १५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओता, नळ सोडून पाइपात पण येऊ द्या, रात्रभर ठेवून दोनदा धुवून काढा. फोम मात्र पुराचा आहे, तो जाळायचापण नाही, कचऱ्यातच द्या.

टेम्पो_बॉडी_मिरज:
चढवायचं सांगतो. शेडचा गर्डर दणकट असेल तर चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लावून केबिन वर घ्यायची आणि पिकअप रिव्हर्स करत खाली आणायची, फाळका आधी काढून ठेवायचा. साखळी दांड्यांना धरायची, पत्र्याला नाही. वर टांगलेली असताना खाली कुणी जायचं नाही. हौद्यात रबराची मॅट टाका म्हणजे सरकत नाही, आणि चार कोपऱ्यांना टर्नबकल (पिळून ताण आवळायचे आकडे), पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून परत आवळायचे, ढिले होतातच.

आरटीओचं म्हणाल तर वेल्डिंग करून कायमची बसवली की तो गाडीतला बदल झाला, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागतं, आधी परवानगी. काढता येणारी आणि बांधलेली असली तरी लांबी, उंची किती चालते ते आरटीओत जाऊन विचारून घ्या, इन्शुरन्सवाल्यालापण कळवा. आणि गाडी चालताना केबिनमधे कुणीही बसायचं नाही, सगळे पुढच्या सीटवर.

कृष्णाकाठची:
सात आठवड्यांनी लिहितेय. मार्च-एप्रिलच्या उन्हात सगळं उघडं टाकून वाळवलं, मीटरवर १२ आल्यावरच झाकलं. पट्ट्या आता सागाच्या, भिंती ६ एमएमच्या, टप बुटाईल टेप लावून. बदली झालेल्या प्रत्येक पट्टीचं माप आण्णांनी खुर्चीत बसून सांगितलं, मी कापलं. आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडं दोन्हीकडं विचारून झालं. काल अर्धा तास नळी धरून टपावर पाणी मारलं, आत कोरडं. मग कारखान्याच्या काट्यावर गेले. केबिन रिकामी ६४० किलो भरली आणि पुढच्या चाकांवर ४० किलो वाढले, कमी नाही झाले.

उतरवायच्या दगडांच्या जागी आता चार स्टँड करून घेतलेत, ते अडीच फुटांचे. पूर आलाच तर आधी पिकअपवर चढवून गाव सोडायचं असं मामाला सांगून ठेवलंय.

शनिवारी निघतोय. आण्णा पुढच्या सीटवर. ते विचारतायत गणपतीपुळ्याला आंबा घाट धरायचा का कराडवरनं कुंभार्ली?

सातारी_भटक्या:
आंबा धरा ताई, सांगलीहून तोच सरळ. फक्त उंची दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, घाटात नाही पण पुळ्याच्या आतल्या रस्त्यांना झाडं खाली आलेली असतात. आणि मलकापूरला चहाला थांबाल तेव्हा टर्नबकल बघा.