१ मे ला तुमची सुट्टी कुठे जाते?

गेल्या १ मे ला मी साडेदहाला उठलो, पोहे मागवले आणि पोहे घेऊन आलेल्या माणसाला "हॅपी महाराष्ट्र डे" म्हणालो. तो हसला आणि पुढची ऑर्डर बघत जिना उतरला. सुट्टी मला, धावपळ त्याला. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

आपल्याकडे या तारखेला दोन गोष्टी चिकटल्यात. १९६० मध्ये राज्य झालं ते याच दिवशी, आणि कामगार दिन तर त्याच्याही आधीपासूनचा. झेंडावंदनाच्या गडबडीत तो मागे पडतो. म्हणून सरळ विचारतो, सुट्टी मिळते का? पगारी की बिनपगारी? नाही मिळाली तर बदल्यात काय? कंपनीचं नाव टाकू नका, नोकऱ्या सांभाळा.

कारखान्यात कंत्राटी, भोसरी

आमच्याकडे दोन रंगांची ओळखपत्रं आहेत. निळं म्हणजे पर्मनंट, पिवळं म्हणजे कंत्राटदाराचा माणूस. मशीन तेच, पाळी तीच. १ मे ला निळ्याला पगारी सुट्टी, पिवळ्याला खाडा. सात वर्षं झाली, माझं कार्ड पिवळंच. मधे दोनदा कंत्राटदार बदलला, म्हणजे कागदावर मी दोनदा नव्याने लागलो. जादा तासांना दुप्पट दर कायद्यात आहे हे मलाही माहीत आहे. स्लिपवर ते 'इतर भत्ते' म्हणून येतात, सिंगल रेटने.

गंमत सांगतो. २०२५ मध्ये १ मे गुरुवारी आली. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारचीच. पर्मनंटवाले वैतागले, एक सुट्टी वाया गेली म्हणून. आम्ही खूश. गुरुवार तसाही बिनपगारी, तेवढाच एक खाडा वाचला.

निवृत्त गिरणी कामगार, लालबाग

भोसरीच्या पोराचं वाचलं आणि माझी बदलीची वर्षं आठवली. बदली कामगार म्हणजे भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर आपला नंबर. दुसऱ्याचा खाडा ही आमची रोजी. पण आमच्या मागे युनियन होती, पुढे कायम झालो. १९८२ च्या संपानंतर तेही गेलं, ते वेगळं रामायण.

तुम्ही रविवारी लोळता ना, तो रविवार काही आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आमच्या खोलीत लोखंड्यांचा फोटो नव्हता, पण रविवारी खानावळीत मटण असायचं. माझ्यापुरती कामगार चळवळ म्हणजे ते मटण.

आयटी, हिंजवडी

मी बरीच वर्षं स्वतःला कामगार समजतच नव्हते. क्लायंट अमेरिकेतला. आठ तासांच्या मागणीसाठी १८८६ मध्ये त्यांच्याच शिकागोत रक्त सांडलं, पण तिकडे १ मे ला सुट्टी नाही, त्यांचा लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. त्यामुळे १ मे ला आम्ही सपोर्टवर, आणि सप्टेंबरात "क्लायंट सुट्टीवर आहे, तेवढ्यात अपग्रेड उरकून घेऊ". बदली रजा खात्यात जमा होते. मार्चअखेरीस लॅप्स.

डिलिव्हरी, ठाणे

सुट्टीला ऑर्डरी जास्त, इन्सेंटिव्ह मोठा, म्हणून १ मे ला मी मुद्दाम लॉगिन करतो. सक्ती कोणाचीच नाही. आम्ही 'पार्टनर' ना.

एका सोसायटीत शिरलो तर झेंडावंदन चाललेलं. राज्यगीत सुरू झालं. मी गेटापाशी सावधान, पाठीवर बॅग, हातात मोबाईल, स्क्रीनवर उरलेली मिनिटं. चार. तीन. गीत संपेपर्यंत आकडा लाल. वर गेलो तर ताई म्हणाल्या, "उशीर झाला हो." झेंडा त्यांच्याच सोसायटीचा.

धागा काढणाऱ्या दादांना एक प्रश्न. पोहेवाल्याला टिप दिली होती का?

(धागा काढणारा)

नाही दिली.

परिचारिका, सरकारी रुग्णालय

कॅलेंडर लाल, वॉर्ड फुल. कायम सिस्टरना बदली रजा मिळते, आम्हाला अकरा महिन्यांची ऑर्डर. बास.

ऊसतोड कुटुंबातला मुलगा, बीड

१ मे पर्यंत आईबाप गावी परतलेले असतात, त्यामुळे सुट्टीच समजा. त्याआधीच्या सहा महिन्यांत एकही नसते. नवराबायको मिळून एक कोयता, दोन माणसं म्हणून मोजतच नाहीत. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. अंगात ताप असला तरी खाडा तो खाडा, आणि त्याचे पैसे मुकादम उचलीत चढवतो. रात्री अडीचला गाडी फडात आली की मोळ्या भरायला उठायचं. मी लहानपणी कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, झोपेचं सोंग घेऊन पडायचो, कारण जाग दिसली की धाकट्याला सांभाळायला लागायचं.

आठ तास काम ही कल्पना मला कॉलेजात कळली. आईला सांगितली. म्हणाली, "मग उरलेल्या वेळात माणसं करतात काय?"

हॉटेल मालक, कोल्हापूर

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. १ मे ला बंद ठेवलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. पोरांना बदल्यात सोमवार देतो. दोघं घेतात, दोघं म्हणतात पैसेच द्या. तास? अकरा. खोटं कशाला बोलू.

घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी, पुणे

आई पाच घरची कामं करते. ३० एप्रिलला एका घरून निरोप आला, "उद्या पाहुणे येणारेत, जरा लवकर ये." मी चिडले. म्हटलं, उद्या कामगार दिन आहे, सांग त्यांना. तिने खरंच फोन लावला, स्पीकरवर.

"ताई, उद्या कामगार दिन आहे म्हणे."

"हो ना! म्हणून तर साहेब घरी आहेत."

आईला हसू आवरेना. मीही हसले, मग खूप राग आला. सकाळी साडेसहाला ती निघाली तेव्हा मी झोपले होते. मला कॉलेजला सुट्टी होती.