प्रिंट केलेल्या अल्युमिनियमला टी-६ करायचं काय?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी, आमचं हायड्रॉलिकचं जॉबवर्क आहे बेळगावात. एका गिऱ्हाईकाला व्हॉल्व्ह ब्लॉकचे थोडेच नग पाहिजेत म्हणून ओतकामाचा पॅटर्न करायच्या भानगडीत न पडता बेंगळूरवरनं मेटल प्रिंट (पावडर लेसरनं थरथर वितळवून) करून आणलेत, मटेरियल एएल-एसआय-१०-एमजी, म्हणजे सिलिकॉन-मॅग्नेशियम घातलेलं अल्युमिनियम. ज्या प्लेटवर प्रिंट झाले तिच्यावरच अजून आहेत. आमचे फौंड्रीवाले मामा म्हणतात एलएम-२५ ला (ओतकामाचं अल्युमिनियम) करतो तसं टी-६ करून टाक (खूप तापवून पटकन गार करायचं, मग कमी तापात ठेवायचं), ताकद वाढतीय. नेटवर मात्र उलटं लिहिलंय. कुणी सांगा की.

धातुवेडा
मामांचं कास्टिंगपुरतं बरोबर आहे. तिथं मेटल सावकाश गोठतं, सिलिकॉन जाड राहतं, म्हणून टी-६ नं फायदा. लेसरखाली सेकंदाला लाखो डिग्रीनं गार होतंय, त्यामुळं सिलिकॉनची एक मायक्रॉनपेक्षा बारीक जाळी बनते आणि बरीचशी ताकद त्या जाळीतच असते बघा. टी-६ साठी ५३० डिग्रीला घातलं की जाळी तुटून सिलिकॉनचे गोळे होतात, पुढं एजिंग (कमी तापात काही तास ठेवणं) करून थोडं भरून निघतं पण सगळं नाही. प्रिंट झालं तसं ४०० च्या वर एमपीए (ताकदीचं माप) मिळणारा माल साधारण ३०० वर येतो. एलाँगेशन (तुटायच्या आधी किती ताणतं ते) वाढतं हे खरं. शिवाय आतल्या बारीक छिद्रांमध्ये अडकलेला गॅस त्या तापमानाला फुगतो, ते वेगळंच. नुसतं १६०-१७० ला काही तास एजिंग केलंत तर जाळी तशीच राहते, यील्ड (कायमचं वाकायला लागायची मर्यादा) वाढतं.

खानापूरचा
एमपीए एमपीए काय करालाय? व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये प्रेशर सारखं चढतं-उतरतं, तिथं फटीगनं (सारख्या ताणानं थकून) जातंय. आतली भोकं प्रिंट झाली तशीच खरबरीत ठेवलात तर क्रॅक तिथनंच सुरू. पोचतील तेवढी मशीन करा, बाहेरनं शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा). पावडर ओलसर असली की हायड्रोजनची छिद्रं पडतात, वाळवून वापरली काय विचारा. एचआयपीचा (तापवून चारी बाजूंनी गॅसचा दाब देण्याचा) खर्च करायच्या आधी एवढं ध्यानात घ्या, पृष्ठभागापर्यंत उघडलेलं छिद्र त्यानं बंद होत नाही.

फुकट_सल्ला
सरळ ७०७५ (जास्त ताकदीचं अल्युमिनियम) प्रिंट करून घ्यायचं नव्हं?

धातुवेडा
भावा, साधी ७०७५ ची पावडर प्रिंट करताना गोठतानाच तडकते. २०१७ ला अमेरिकेतल्या एचआरएल लॅबनं झिर्कोनियमचे नॅनोकण पावडरला चिकटवून ते थांबवलं, पण तसली पावडर म्हणजे खिसा बघून. स्कँडियमवाल्या स्कॅल्मलॉय ह्या अल्युमिनियमचंही तेच.

उद्यमबागकर
मग १६० नं करून कापू काय?

धातुवेडा
भिंती पातळ असतील तर त्यानं आतला ताण पुरता जात नाही, कापल्यावर वाकू शकतं. मग ३०० ला दोन तास, प्लेटवरच, आणि ताकद कमी होणार हे धरूनच. जाड ब्लॉक असेल तर १६० चालेल. आणि प्रिंट करताना प्लेट १५०-२०० वर तापवलेली होती काय ते विचारा, तसं असेल तर एजिंग आधीच बरंच झालेलं असतं.

खानापूरचा
प्लेटवर ताकद तपासायचे टेस्ट बार आहेत काय? उभ्याचा आणि आडव्याचा रिझल्ट वेगळा येतो.

उद्यमबागकर
उभे आहेत फक्त. ब्लॉक जाडच आहे, आधी त्यातला एक बार एजिंग करून ओढून बघतो, मामांना रिपोर्टच दाखवायला पाहिजे.