मदत हवी: बोकडाच्या मेंदूच्या व्हेसिकलवर जीटीपी-गॅमा-एसचा काहीच परिणाम नाही

तापीकाठ (जळगाव):
तातडीचं आहे. बोकडाच्या मेंदूतून व्हेसिकल काढल्या, १० मायक्रोमोलर जीटीपी-गॅमा-एस (जी-प्रोटीन चालू करणारं, न तुटणारं जीटीपी) घालून ३० अंशांवर १० मिनिटं ठेवल्या. जी-प्रोटीनने सायक्लेज एन्झाइम चालू केलं की एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनायला हवं, पण ते बेसलच्या वर जातच नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. फोर्स्कोलिन (सायक्लेजला थेट चालू करणारं) घातलं की भरपूर वाढतं, म्हणजे अ‍ॅडेनिलिल सायक्लेज जिवंत आहे. आयबीएमएक्स (सायक्लिक एएमपी तुटू न देणारं) घातलेलं आहे. बाटलीच खराब आली असणार. नवी यायला तीन आठवडे आणि शुक्रवारी गाईडना ग्राफ द्यायचाय. बाटली तपासायची कशी ते सांगा.

पांझरा:
व्हेसिकल म्हणजे कोणती? सिनॅप्टिक व्हेसिकल ४०-५० नॅनोमीटरची, सिनॅप्टोसोम (मज्जातंतूचं तुटून मिटलेलं टोक) अर्धा ते एक मायक्रोमीटरचा. कशात वाटलं, किती फिरवलं, बफरमध्ये काय काय आहे? हे न लिहिता बाटलीला दोष देऊ नका.

तापीकाठ:
नेहमीचंच हो. ०.३२ मोलर सुक्रोज, ५ मिलिमोलर हेपिस, २ मिलिमोलर ईडीटीए. १००० ला १० मिनिटं, वरचं पाणी घेऊन १०,००० ला २० मिनिटं. खालचा गोळा त्याच बफरमध्ये कालवून वापरला. असेमध्ये (मोजणीच्या मिश्रणात) मॅग्नेशियम क्लोराइड २, एटीपी अर्धा मिलिमोलर.

केळीबाग:
१००० काय, आरपीएम की जी? रोटरची त्रिज्या ८ सेंमी धरली तर १००० आरपीएम म्हणजे फक्त ८९ जी. तेवढ्यात केंद्रकं बसत नाहीत, सगळा चोथा पुढच्या गोळ्यात येतो. १००० जी हवं तर ३३५० च्या आसपास आरपीएम लावा, १२,००० जी साठी ११,६००. सूत्र साधं आहे: १.११८ गुणिले १० चा उणे पाचवा घात, गुणिले सेंमीतली त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग.

पांझरा:
ते सुधाराच, पण खरी अडचण ती नाही. हा गोळा सिनॅप्टोसोमचा. मज्जातंतूचं टोक तुटतं आणि पुन्हा मिटून फुगा होतो, बाहेरची बाजू बाहेरच राहते. जी-प्रोटीन पडद्याच्या आतल्या अंगाला चिकटलेलं असतं. जीटीपी-गॅमा-एसवर एवढा ऋणभार की ते पडदा ओलांडत नाही. फोर्स्कोलिन मेदात विरघळतं, ते आत जातं आणि आतल्याच एटीपीवर सायक्लेज चालतं. म्हणून फोर्स्कोलिनने वाढ दिसली याचा अर्थ तुमचा एटीपी आत पोचला असा होत नाही.

सेट_तयारी_धुळे:
सेट परीक्षेत जी-प्रोटीनवर एक प्रश्न हमखास असतो. कॉलरा टॉक्सिन जीएस-अल्फावर (सायक्लेजला चालना देणाऱ्या जी-प्रोटीनचा भाग) एडीपी-रायबोज चढवतं आणि जीटीपी तुटणं थांबवतं. पर्ट्युसिस टॉक्सिन जीआय आणि जीओ या दुसऱ्या जी-प्रोटीनना रिसेप्टरपासून तोडतं. गिलमन आणि रॉडबेल, नोबेल १९९४. पाठ करून ठेवा.

सातपुडा_नंदुरबार:
फुगे फोडू नका भो. सॅपोनिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, बर्फावर ५ मिनिटं. छिद्रं पडतात, आकार टिकतो.

पांझरा:
सॅपोनिन कोलेस्टेरॉल ओढतं आणि दर बाटलीचा जोर वेगळा. आकार टिकवायचा हट्ट कशाला? इथे मोजायचंय ते पडद्यावरचं एन्झाइम. ५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, बर्फावर ३० मिनिटं, टेफ्लॉन होमोजिनायझरचे १० फेरे, मग १६,००० जी ला ३० मिनिटं. दोनदा धुवा, फुटलेल्या पोटातलं जीटीपी-जीडीपी निघून जातं.

सातपुडा_नंदुरबार:
आणि ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं) घालून धुतलं तर कॅल्मोड्युलिन हे प्रथिनही जातं. मेंदूतल्या एसी१ आणि एसी८ या सायक्लेजना कॅल्शियमसोबत त्याचीच चालना मिळते. सॅपोनिनचा जोर प्रत्येक बाटलीला तपासायचा असतो, ते मान्य.

केळीबाग:
मॅग्नेशियमकडे कुणी बघणार का? ईडीटीए मॅग्नेशियमला एकास एक धरतं. २ आणि २, वर एटीपीही ओढतं. गोळ्यासोबत बफर किती आला त्यावर मोकळं जवळपास शून्य उरू शकतं. मॅग्नेशियम नसेल तर जीटीपी-गॅमा-एस अल्फावर घट्ट बसत नाही आणि सायक्लेजही चालत नाही. असेमध्ये ५ मिलिमोलर करा. धुताना ईडीटीए काढा.

तापीकाठ:
एवढं सगळं शुक्रवारपर्यंत? मित्राच्या लॅबमध्ये फ्रीजरमधल्या गोळ्यावर चालतं, माझ्या ताज्यावर का नाही?

पांझरा:
गोठताना बर्फाचे स्फटिक फुगे फोडतात, म्हणून. तुमचा ताजा माल व्यवस्थित मिटलेला आहे. एलडीएच (फुग्याच्या आत अडकलेलं एन्झाइम) पाहा: ३४० नॅनोमीटरला एनएडीएच कसा उतरतो ते ट्रायटन (पडदा विरघळवणारं डिटर्जंट) न घालता आणि ०.१ टक्का ट्रायटनसह. दर सारखेच असतील तर फुगे आधीच फुटलेले.

भुसावळ_बर्फ:
मे महिन्यात मेंदू आणताना मीठ घातलेला बर्फ नको, मेंदू कडेने गोठतो. दुहेरी पिशवीत घालून नुसत्या बर्फाच्या पाण्यात बुडवा.

तापीकाठ:
ट्रायटनशिवाय मिनिटाला ०.०६, ट्रायटनसह ०.४१. म्हणजे ८५ टक्के बंद. ट्रिसने फोडतोय. जीटीपी-गॅमा-एस आणि एटीपी एकदमच घालू का?

केळीबाग:
नको. जीएसवरचा जीडीपी सावकाश सुटतो. मॅग्नेशियम आणि जीटीपी-गॅमा-एससह ३० अंशांवर १० मिनिटं आधी ठेवा, मग एटीपी. १०० मायक्रोलिटरमध्ये ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं. प्रथिन ब्रॅडफर्डने मोजा, हेपिस लोरीत अडथळा आणतं. उकळलेल्या पडद्याचा ब्लँक ठेवा, एटीपी सायक्लिक एएमपीच्या एलायझाला फसवू शकतं.

पांझरा:
आणि एक नळी सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर अधिक अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड २० मायक्रोमोलरची, ही जोडी जीटीपी-गॅमा-एसशिवायच जी-प्रोटीन चालू करते. त्यात वाढ दिसली आणि जीटीपी-गॅमा-एसमध्ये नाही, तेव्हा बाटलीवर संशय घ्या. तोवर ती उणे ८० ला, छोट्या छोट्या भागांत. पुन्हापुन्हा वितळवू नका.