स्टँटनला ‘साइड रोलवाला’ म्हणू नका
अमेरिकन अभिनेता हॅरी डीन स्टँटन आयुष्यभर बाजूच्या भूमिकांतच अडकला, असं कोणीतरी म्हटलंय. मला हे मुळीच पटत नाही.

१९७९ चा ‘एलियन’ आठवा. मांजर शोधत स्टँटनचा ब्रेट अंतराळयानाच्या त्या अंधाऱ्या भागात येतो, वरून लोंबणाऱ्या साखळ्यांमधून पाणी ठिबकतंय, आणि हा टोपी काढून चेहऱ्यावर ते पाणी घेत शांत उभा राहतो. दिवसभर राबलेला माणूस नळाखाली डोकं धरतो ना, तसा. त्या काही सेकंदांत तो आपल्या ओळखीचा होतो, म्हणून पुढचं बघवत नाही.

मुख्य भूमिकाही मिळालीच की! १९८४ च्या ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये, वयाच्या ५८ च्या आसपास. सुरुवातीला बराच वेळ त्याचा ट्रॅव्हिस एक शब्द बोलत नाही. शेवटी काचेपलीकडे बायको बसलेली असते, तेव्हा हा खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करतो आणि फोनवर स्वतःचीच गोष्ट सांगतो. मी तो प्रसंग कितीदा पाहिला असेल, दर वेळी घसा दाटतो. त्या सिनेमाला कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता.

टीव्हीवर ‘बिग लव्ह’ मालिकेतला त्याचा रोमन ग्रँट जरूर बघा. तोच थकलेला चेहरा तिथे चक्क भीती घालतो. आणि ‘लकी’ तर सोडूच नका. नव्वदीतला स्टँटन त्यात अख्खा सिनेमा एकट्याच्या खांद्यावर पेलतो. सप्टेंबर २०१७ मध्ये तो गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत हा सिनेमा अमेरिकेत थिएटरात लागला.