नवा गोल्डफिश आजारी पडला तेव्हा तुम्ही काय केलंत? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

सुदामानगरवाली
लेकीच्या वाढदिवसाला दोन गोल्डफिश आणले. वीस लिटरचा टँक, रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड, सगळं एकाच दिवशी. पाचव्या दिवशी मोठा मासा पर अंगाला चिकटवून तळाशी बसला. सातव्या दिवशी दोघंही वर येऊन तोंड उघडबंद करायला लागले. दुकानवाले भिया म्हणाले, "नीली दवाई डाल दो, दस बूँद." घातली. पाणी निळं, खडे निळे, माझी बोटं निळी. दुसऱ्या दिवशी मोठा गेला. लेक दोन दिवस टँककडे पाठ करून जेवली.
लहान अजून आहे, म्हणून विचारते. तुमच्याकडे पहिलं लक्षण काय दिसलं, काय केलंत आणि निघालं काय? फसलेले उपायही लिहा, तेच जास्त हवेत.

केमिस्ट्रीवाला
ती निळी दवाई बहुतेक मिथिलीन ब्लू. बुरशीवर चालते, पण फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंनाही मारते. राग मानू नका, तुमचा मासा आजाराने नाही, स्वतःच्याच घाणीत गुदमरून गेला असावा. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत राहतो. जुन्या टँकमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ते नसतातच, वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात गोल्डफिश म्हणजे खादाड आणि तितकाच घाण करणारा.
माझा पहिला असाच गेला. दुसऱ्याच्या वेळी थेंबांचं अमोनिया किट आणलं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते पाच मिनिटांत मेहंदीसारखं हिरवं. घरी बोअरिंगचं पाणी, पीएच 8 च्या वर. पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. मग रोज अर्धं पाणी बदललं, दोन दिवस खाणं बंद ठेवलं, एअर पंप चोवीस तास चालू. औषधाचा एक थेंब नाही. आठवड्याभरात मासा काचेशी येऊन खाणं मागायला लागला.

नळाचा दिवस
"पाणी बदला" एवढंच ऐकून मी काय केलं ते वाचा. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. नळ आला तशी सगळा टँक रिकामा केला, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा घासला, ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत मासा आडवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने कल्लेही भाजतात आणि स्पंजमधले जिवाणूही जातात. आता अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय पाणी टँकमध्ये जात नाही, आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळते.

रामबागची सून
आमच्याकडे अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे. मासा खड्यांवर अंग घासायचा. पाणी तपासलं, ठीक होतं. म्हणजे व्हाइट स्पॉट, सूक्ष्म परजीवी. मिठाचा डबा घेऊन बसले तर सासरे म्हणाले, "अगं, मासा आहे तो, कैरी नाही!"
टँक 40 लिटरचा. लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 120 ग्रॅम साधं मीठ. एकदम ओतलं नाही, मगभर पाण्यात विरघळवून बारा-बारा तासांनी तीन वेळा घातलं. पाणी बदलताना जेवढं पाणी नवं, तेवढ्यापुरतंच मीठ. एवढ्या मिठात झाडं मरतात, खरी असतील तर आधी काढा.
पाचव्या दिवशी दाणे गेले, मी पाणी गोडं केलं आणि तिथेच चुकले. दाणा मासा सोडून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि पुन्हा मासा शोधायला निघतात. मीठ किंवा औषध लागू पडतं ते या सुट्या पोहणाऱ्या पिल्लांवरच. आठवड्यात दाणे परत आले, आधीपेक्षा जास्त. दुसऱ्या खेपेला दाणे गेल्यावरही दहा दिवस मीठ ठेवलं. थंडीत त्यांचं चक्र लांबतं, तेव्हा आणखी धीर धरायचा.

लोकमान्यनगर
पांढरे दाणे फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीने असतील तर थांबा! तो विणीच्या हंगामातला नर असतो. मी धडधाकट माशाला आठवडाभर औषध पाजलं.

पोहे-जलेबी
आमचा ओरांडा, म्हणजे आखूड अंगाचा गोल्डफिश, खाल्ल्यावर उलटा तरंगायचा, पोट वर. मुलगा ओरडायचा, "बाबा, मेला!" जवळ गेलं की धडपडून पोहायचा. खाण्याचे कोरडे दाणे वरच्या वर गिळताना हवाही गिळतात म्हणे. तीन दिवस उपास. मग पोह्यांसाठी सोललेल्या मटारांतला एक उकडून, साल काढून, चुरून दिला. दाणे आता भिजवून देतो. सरळ पोहतो, पण जेवल्यावर डावीकडे कलतोच. आखूड अंगाच्या जातींना हा त्रास राहतो, आम्हीही सवय करून घेतली.

विजयनगर
आमच्याकडे पोट फुगलं आणि खवले सीताफळासारखे उभे राहिले. गायी-कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ, मासा बघणारा एकही सापडला नाही. वेगळ्या बादलीत ठेवला, पाणी स्वच्छ ठेवलं, चार दिवसांत गेला. खवले उभे राहीपर्यंत आतले अवयव थकलेले असतात. यावर जास्त लिहवत नाही.

सुदामानगरवाली
आज किट आणलं. रंग फिकट हिरवा. पण लहान्याच्या शेपटीच्या कडा कालपासून काळ्या पडल्यात, शाईत बुडवल्यासारख्या. आता हे काय नवीन?

केमिस्ट्रीवाला
अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना गोल्डफिशला तिथे काळं चढतं. म्हणजे भरून येतंय. पण फिकट हिरवा म्हणजे अमोनिया अजून आहे. आज अर्धं पाणी बदला, उद्या सकाळी किट लावून रंग कळवा.