मदत हवी आहे : १९६६ च्या मस्टँगमध्ये ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवण्याबाबत

सप्रेम नमस्कार. माझ्या १९६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये २८९ घनइंची व्ही-८ इंजिन आणि तीन गतींचा सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याच्या शेवटच्या गिअरचे प्रमाण १:१ असल्याने महामार्गावर इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर चालते. म्हणून फोर्डनेच १९८० पासून वापरात आणलेला, ०.६७ प्रमाणाचे ओव्हरड्राइव्ह (महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा शेवटचा गिअर) असलेला चार गतींचा एओडी (ऑटोमॅटिक ओव्हरड्राइव्ह) गिअरबॉक्स बसवण्याचा माझा विचार आहे.

सर्वांत मोठी चिंता थ्रॉटल व्हॉल्व्हच्या जोडणीची, म्हणजे कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलची आहे. एओडीमधील तेलाचा दाब या जोडणीवर अवलंबून असतो, आणि ती सैल राहिल्यास दाब कमी पडून क्लच प्लेट फार लवकर जळतात, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरवर केबलची ओढ अचूक कशी साधावी आणि दाब गेजवर तपासताना नेमके काय पाहावे, हे अनुभवी व्यक्तीकडून समजून घ्यायचे आहे. फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी दातेरी चकती) १६४ दातांची, परंतु २८ औंस असंतुलनाचीच (इंजिनाचा तोल साधण्यासाठी तिच्यावर मुद्दाम ठेवलेल्या असमान वजनाची) घ्यावी लागेल, कारण नंतरच्या ५.० लिटर इंजिनांची ५० औंसांची प्लेट लावली तर इंजिन थरथरेल, एवढे मला माहीत आहे.

क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग) बदलावा लागणार, हे मान्यच आहे. मात्र मूळ बॉडीला कापाकापी करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. आपल्यापैकी कोणी हे काम केले असल्यास, प्रॉपेलर शाफ्ट आखूड करावा लागला का, आणि मूळचा गिअर लिव्हर एओडीच्या सर्व स्थानांशी जुळवता आला का, हे कृपया सविस्तर सांगावे.