मदत हवी आहे: दुपारच्या अधिवेशनात शाळेच्या टाकीला पाणीच उरत नाही

आमची शाळा मुंबईत, भाड्याच्या जुन्या इमारतीत, दोन अधिवेशनांत भरते. पाणी पहाटे येतं, गच्चीवरची टाकी भरते आणि सकाळची मुलं सुटेपर्यंत तळाला जाते. दुपारी पाचवी ते आठवीच्या मुली येतात. बाटल्या भरलेल्या, पण घरी जाताना तशाच. विचारलं तर म्हणतात, ‘बाई, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि संडासात पाणी नसतं.’ शेवटच्या तासाला डोकं दुखतं म्हणणाऱ्या बहुतेक याच. मासिक पाळीत दोघी-तिघी येतच नाहीत.

टाकी साफ करून घेतली, गळके नळ आणि बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा) बदलले. साबणाच्या वड्या गायब होतात म्हणून बाटलीत साबणाचं पाणी ठेवतो. हे मात्र छान चाललंय. टँकर एकदा मागवला, दरवेळी परवडणार नाही. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर वेगळा आहे, तो प्रश्न नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत दिवसाच्या शाळेला माणशी रोज 45 लिटर धरलेत. आमच्याकडे त्याच्या आसपासही नाही. स्लॅब जुना, वर आणखी वजन नको असं प्लंबर सांगतो. जिन्याखाली जागा आहे.

दोन अधिवेशनांच्या शाळेत कुणी दुपारसाठी वेगळी टाकी, वेगळ्या लाइनवर बसवली आहे का? खाली टाकी आणि छोटा पंप पुरतो का? आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जादा पाण्याचा अर्ज शाळेने करायचा की इमारतमालकाने?